पंधरा किलोंत वरवंटा

सामानाचे नियम करणाऱ्या माणसानं आयुष्यात कधी लेकीकडे जायची बॅग भरलेली नसणार, असं माझं ठाम मत झालं ते लोहगावच्या विमानतळावर, फरशीवर फतकल मारून बसलेली असताना. समोर दोन बॅगा उघड्या पडलेल्या. एका हातात मेतकुटाचा डबा, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचा, आणि काउंटरवरची मुलगी वाकून मला सांगत होती, "आंटी, अजून बरंच कमी करावं लागेल."

पण ते नंतरचं. आधी लेकीचं सांगायला हवं, नाहीतर त्या बॅगेत काय होतं ते कळायचं नाही.

आमची मुलगी जर्मनीत असते. चार वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला इथे आली होती, आमच्या येरवड्याच्या घरी. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मुलगी झाली. तीन किलोची, डोक्यावर भरपूर जावळ. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. नाव काय ठेवणार हे मुलीनं कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पाळण्यात घालेपर्यंत ते सांगायचंच नसतं. जावयांनीही "तुझं तू ठरव" म्हणून तिच्यावर सोपवून टाकलं होतं. मी आपली दोन-तीनदा आडून आडून विचारत राहिले, तर हसून म्हणाली, "कळेलच की बाराव्या दिवशी. तुला काय घाई?"

बारसं दोन दिवसांवर आलं तेव्हा मी वरवंटा घासून बाल्कनीत उन्हाला ठेवला. आमच्याकडे पाळण्यात आधी बाळ घालत नाहीत. आधी वरवंट्याला न्हाऊ घालायचं, तेल लावायचं, कुंची घालायची. मग एकीनं तो पाळण्याखालून द्यायचा, दुसरीनं वरून घ्यायचा, आणि मग बाळासारखा निजवायचा. जणू ते घरातलं थोरलं भावंड. बाळानं त्याच्यासारखं दणकट व्हावं, टिकावं, एवढंच त्यातलं मागणं. त्याला झोका दिला की मग बाळाची पाळी. मी देवाधर्माच्या फारशी वाटेला जात नाही, पण हे एवढं मला मनापासून आवडतं.

त्याच दिवशी दुपारी बाळाला ताप भरला. लगेच दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर समजावून सांगत होते, त्यातला एक शब्द मला आठवत नाही. दवाखान्याच्या कागदांवर तिला नाव नव्हतं, 'बेबी' आणि पुढे तिच्या आईचं नाव. मृत्यूच्या दाखल्यावरही तेच. इतक्या लहान मुलांना दहन देत नाहीत, पुरतात. तिला यांनी नेलं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दुपट्यात गुंडाळून, दोन्ही हातांवर. मी गेले नाही. मुलीजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं.

घरी आले आणि आधी बाल्कनीतला वरवंटा उचलला. मुलीच्या नजरेला पडायच्या आत तो ओट्याखाली पाट्याशेजारी सरकवून दिला. त्यानंतर त्यावर कधी चटणी वाटली नाही. मिक्सर आहेच.

मुलगी जर्मनीला परत गेली ती पुन्हा पुण्याला आली नाही. सुट्टी असायची, तिकिटं काढण्याची बोलणी व्हायची आणि मग काहीतरी निघायचं. आम्हीही लावून धरलं नाही. फोन मात्र नेमानं यायचा. तिकडे थंडी किती, इथे उकाडा किती, बाबांची साखर किती. बाळाचा विषय तिनं काढला नाही आणि आमची काढायची छाती झाली नाही.

मग दुसऱ्यांदा दिवस राहिले. या वेळी तिनं आधीच बजावून ठेवलं होतं. कुणी यायचं नाही. काही शिवायचं नाही, काही घ्यायचं नाही. डोहाळजेवण वगैरे तर बोलूच नका. आम्ही म्हटलं, बरं. मी व्हिसा तेवढा काढून ठेवला आणि पासपोर्ट कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवून दिला. मुलगा झाला. दोघं सुखरूप आहेत असा जावयांचा फोन आला, तेव्हा हे खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. तरीही तिनं "ये" म्हटलं नाही. दहावा दिवस गेला, बारावा गेला. त्या दिवसांत आमच्या घरात मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं.

पंधरवडा उलटल्यावर तिचा फोन आला. "आई, ये आता. बारसं करू या." मी फोन कानाला तसाच धरून कपाटातल्या साड्यांच्या घडीत पासपोर्ट चाचपला. तर म्हणाली, "आणि वरवंटा आण. आपलाच आण, दुसरा नको."

चार वर्षांत तिनं आमच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "आणते." का, कशाला, काही विचारलं नाही. तिला पुन्हा हे सगळं करावंसं वाटतंय, एवढंच मला पुरेसं होतं.

आता तिकिटांचं. आमच्या ह्यांनी उभी नोकरी एका कारखान्याच्या खरेदी खात्यात काढली. तीन कोटेशनं घेतल्याशिवाय हा माणूस घरात धणे-जिरेसुद्धा आणत नाही. त्यांनी दोन दिवस कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकली आणि विजयी चेहऱ्यानं बाहेर आले. पुणे-दिल्ली एका कंपनीचं तिकीट, दिल्लीहून पुढे दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही वेगवेगळी काढली तर कितीतरी स्वस्त. "आणि सामान?" मी विचारलं. "तेवीस-तेवीसच्या दोन बॅगा. लिहिलंय इथे." लिहिलं होतं, खरंच लिहिलं होतं. पण ते दिल्लीच्या पुढच्या तिकिटावर. अलीकडच्या तिकिटावर काय लिहिलंय ते या खरेदी खात्यातल्या माणसानं वाचलं नाही आणि मीही नाही.

बॅगा भरल्या. बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, बाळाची घुटी उगाळायची सहाण, माझ्या जुन्या मऊ साड्यांची गोधडी. वजन करायला घरात काटा नव्हता, म्हणून खालच्या रद्दीवाल्याकडे गेलो. त्याच्या आकड्याच्या तराजूला बॅगा टांगल्या. वरवंट्याचं वजन धरूनही दोन्ही बावीसच्या आत. हे खूश.

सगळ्यात शेवटी वरवंटा भरायचा होता. ओट्याखालून तो मी काढला, धुतला, पुसला आणि एका दुपट्यात गुंडाळून यांच्या हातात दिला, म्हटलं, मधोमध ठेवा. त्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला आणि तसेच उभे राहिले. तेवढंच वजन, तसंच दुपटं. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं. "ठेवा ना," एवढंच मी म्हणाले. त्यांनी तो फार हळू ठेवला.

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या दाराशी यांनी मला सोडलं. आत त्यांना येता येत नव्हतं. "तू आतल्या तपासणीतून पलीकडे गेलीस की फोन कर, मग मी निघतो," असं ठरलं. आमच्या पिढीची ती रीतच आहे. माणूस पार नजरेआड झाल्याची खात्री झाल्याशिवाय घरी परतायचं नाही.

काउंटरवरची मुलगी पंचविशीची असेल. केस चापूनचोपून बांधलेले. बॅगा काट्यावर चढल्या आणि तिनं भुवया उंचावल्या. "आंटी, तुमचा अलाउन्स पंधरा किलो आहे. हे एकोणपन्नास होतायत."

माझ्या कानात आधी एकोणपन्नासच शिरले. म्हणजे रद्दीवाल्याचा तराजू कमी दाखवत होता. अर्थात तो कमीच दाखवणार, त्याचा धंदाच तो आहे, हे आम्हाला इतकी वर्षं माहीत होतं आणि तरी मुलीकडे न्यायचं सामान आम्ही त्याच तराजूला टांगलं होतं. मग पंधरा ऐकू आलं. मी दिल्लीच्या पुढचं तिकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. "हे बघा, तेवीसच्या दोन बॅगा."

"ते तिकीट वेगळं आहे आंटी. दुसऱ्या एअरलाइनचं. एकाच बुकिंगवर दोन्ही असतं तर पुढचा नियम लागला असता. आमच्याकडे तुम्ही फक्त दिल्लीला जाताय."

"मी दिल्लीला जाऊन काय करू? दिल्लीत माझं कोण आहे?"

"सिस्टिममध्ये तुम्ही दिल्लीलाच जाताय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी स्वतः नोकरीभर वीजबिलांच्या तक्रारींच्या खिडकीत बसले आहे. 'सिस्टिममध्ये असं दिसतंय' हे वाक्य मी किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल त्याला गणती नाही. खिडकीच्या या बाजूनं ते कसं ऐकू येतं ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, तुमच्या वरच्यांना बोलवा. वरचे आले. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, फक्त इंग्रजीत. जास्तीच्या वजनाचे पैसे भरा, सगळं जाईल. त्यांनी जो आकडा सांगितला त्यावर मी नुसतं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. शेंगदाण्याच्या चटणीनं एवढ्या इतमामानं प्रवास करावा, अशी काही तिची योग्यता नव्हती.

"मग कमी करा," ते म्हणाले आणि गेले.

म्हणून मी फरशीवर बसले होते. एक बॅग ठेवायची, एक परत पाठवायची. मी यांना फोन लावला. "अहो, तराजू खोटा निघाला."

ते म्हणाले, "म्हणजे आजवर किती रद्दी फुकट दिली त्याला." मग त्यांना पंधरा किलोंचं सांगितलं. त्यावर मात्र त्यांना विनोद सुचला नाही. एवढंच विचारलं, "वरवंटा?"

"वरवंटा जाणार. बाकीचं राहिलं तर राहिलं."

लाडू काढले. चटणी, मेतकूट, सहाण, माझ्या दोन साड्या, स्वेटर काढले. गोधडी ठेवली, कारण वरवंटा तिच्यात होता. तरी काटा पंधराच्या पुढेच. मागे रांगेत लोक उभे होते आणि माझ्या आतल्या कपड्यांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. काउंटरवरच्या मुलीला बहुतेक दया आली. ती म्हणाली, "आंटी, एखादी लहान पण जड वस्तू असेल ना, तर ती हातातल्या बॅगेत टाका. तिथे सात किलो चालतात."

लहान पण जड वस्तू. होती की माझ्याकडे. तिनं विचारलं असतं काय आहे, तर माझी पंचाईत झाली असती. जर्मनीला निघालेली बाई, हातात स्मार्टफोन, डोळ्यांवर चष्मा, आणि बॅगेत दगड. मी त्या मुलीला सांगितलं नाही. मला लाज वाटली. "आहे एक वस्तू," म्हणून पाठमोरी झाले आणि दुपट्यासकट वरवंटा हातातल्या बॅगेत, पासपोर्ट आणि गोळ्यांच्या शेजारी ठेवला. मनात आलं, हे तर आणखी बरं. मोठी बॅग हरवली तर हरवो, हा आपल्या जवळ राहील. काटा बरोबर पंधरावर आला. मोठी बॅग पट्ट्यावरून आत गेली. दुसरी बॅग मी दारापर्यंत ओढत नेली आणि दारावरच्या जवानाच्या परवानगीनं यांच्या हवाली केली. लाडवांचा डबा त्यांच्याकडे परत जाताना पाहून जिवावर आलं, पण बोलायला वेळ नव्हता.

तपासणीच्या पट्ट्यावर माझी बॅग यंत्रात गेली आणि तिथेच थांबली. मागे आली, पुन्हा गेली. एका जवानानं ती बाजूला काढली. उघडली, दुपटं सोडलं, आणि वरवंटा हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"माताजी, ये तो बट्टा है."

त्यानं ओळखला म्हणून मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, हो, बट्टाच आहे, नातवाच्या बारशासाठी नेते आहे. त्याला 'बारसं' कळलं नाही, मी 'नामकरण' म्हटलं, ते कळलं. तो मान हलवत म्हणाला, "अंदर नहीं जा सकता. किसी के सर पे लग गया तो?"

मी त्याला म्हटलं, मी आजी आहे, मी कुणाच्या डोक्यात घालणार? तो नियम सांगत राहिला. आवाज चढवला नाही, हे त्याचं मोठेपण. माझा मात्र चढला. एक तर बाहेर जाऊन हे सामानात टाका, म्हणाला, नाहीतर इथे सोडा. 'इथे' म्हणून त्यानं दाखवली ती प्लास्टिकची मोठी पेटी. तिच्यात कात्र्या होत्या, लायटर होते, कुणाचा तरी अडकित्ता होता, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या होत्या.

मोठी बॅग केव्हाच गेलेली. विमान सुटायला फार वेळ उरला नव्हता. हे विमान चुकलं तर दिल्लीचं माझ्यासाठी थांबणार नव्हतं, कारण त्या कंपनीच्या दृष्टीनं मी पुण्याहून येतच नव्हते. तिकिटं वेगळी, नाती वेगळी. दुसरा मार्ग सोपा होता. हे अजून दाराबाहेर उभे होते. वरवंटा त्यांच्या हातात द्यायचा आणि मोकळ्या हातानं विमानात बसायचं. जर्मनीत कुठल्याही दुकानात एखादा खलबत्ता मिळालाच असता. बारसं काय अडणार होतं?

तशी मी वळलेही होते. मग मनात आलं, मुलीपुढे उभी राहून मी काय सांगणार? वजन जास्त होत होतं म्हणून तोच तेवढा ठेवून आले? एकदा तो तिच्या डोळ्यांआड मी केला होता, तिला न विचारता. आता तिनं मागितला होता. पुन्हा तो ओट्याखाली जाणार नाही, असं मी त्या पेटीसमोर उभं राहून ठरवलं.

विमान कंपनीच्या माणसाला सोबत घेऊन मला बाहेर यावं लागलं. काउंटरवर तीच मुलगी होती आणि ती पाटी फिरवत होती. "आंटी, क्लोज झालंय."

मी वरवंटा काउंटरवर ठेवला. दगड काचेवर ठेवल्यावर आवाज होतोच, आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. आता लाजायला माझ्याकडे वेळ नव्हता.

"हा वरवंटा आहे," मी म्हटलं. "मघाशी मला सांगायची लाज वाटली. माझ्या मुलीचं पहिलं बाळ बारशाच्या आदल्या दिवशी गेलं. हा तेव्हा धुऊन तयार ठेवलेला होता. आता दुसरं झालंय आणि तिनं हाच मागितला आहे. तुम्ही काय लागतील ते पैसे घ्या. पण याला इथे ठेवून मी जाऊ शकत नाही. आणि मी गेले नाही तर पुढचं विमान जातंय."

बोलताना मी रडत होते, हे मला नंतर गालाला हात लावल्यावर कळलं.

काउंटरवरच्या मुलीनं फोन उचलला, कुणाशी तरी भरभर बोलली, फोन दाबून धरून मला म्हणाली, "नुसता दगड घेता येत नाही. बॅगेत हवा. बंद होणाऱ्या." माझ्याकडे एकच बॅग उरली होती, हातातली. मी तिच्यातला पासपोर्ट, गोळ्या, चष्म्याचं घर, जप्त व्हायची राहिलेली चिवड्याची पुडी असं सगळं पदरात ओतलं. बॅगेत उरला फक्त दुपट्यातला वरवंटा. मी चेन लावली. तिनं चिठ्ठी बांधली. मी कार्ड पुढे केलं आणि किती झाले ते विचारलं नाही, पावतीही मागितली नाही. खरेदी खात्यातल्या माणसाशी संसार केलेल्या बाईनं पावती सोडली, यावरून काय ते समजा.

बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी त्या मुलीनं खणातून लाल चिठ्ठी काढली, काचेचा पेला छापलेली, नाजूक सामानाला लावतात ती. बॅगेवर चिकटवली आणि तळहातानं नीट दाबली. "आमच्याकडेही घालतात पाळण्यात," ती म्हणाली. "पळा आता, मावशी."

मी पळाले. या वयात, पदरात औषधं धरून. तपासणीच्या जवानानं माझ्या ओच्यातल्या चिवड्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मला सोडलं. पलीकडे गेल्यावर यांना फोन केला. "गेला," मी म्हटलं. "निघा आता." ते म्हणाले, "बरं." फोन ठेवायच्या आधी त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला.

दिल्लीला दोन्ही बॅगा पट्ट्यावरून उतरवून, इमारत बदलून, मी दुसऱ्या कंपनीच्या काउंटरला उभी राहिले. एक मोठी, एक लहान. तिथल्या माणसानं काटा पाहिला आणि म्हणाला, मॅडम, बस इतना ही? आप तो और तीस किलो ले जा सकती हैं. मी म्हटलं, ते येरवड्याला आहेत. त्याला काही कळलं नाही आणि मला समजावण्याचं त्राण नव्हतं.

मुलगी विमानतळावर घ्यायला आली नव्हती, बाळ लहान होतं. जावई आले होते. घरात शिरल्यावर तिनं मला मिठी मारली आणि लगेच विचारलं, "आणलास?" लाल चिठ्ठीची बॅग मी तिच्या हातात दिली. ती तिनं त्या दिवशी उघडली नाही, आपल्या पलंगाजवळ ठेवून दिली.

बारसं रविवारी दुपारी झालं. घरातले आम्हीच. जावयांची बहीण नागपूरहून फोनच्या पडद्यावर, कारण नाव सांगायचा मान आत्याचा. मी म्हटलं, वरवंट्याला मी न्हाऊ घालते. मुलगी म्हणाली, "नको, मी घालते." बाळाच्याच टबात तिनं कोमट पाणी घेतलं, कोपरानं तापमान पाहिलं. हळूहळू न्हाऊ घातलं, टिपलं, तेल लावलं. मग कपाटातून एक कुंची काढली. फिकट पिवळी, माझ्या जुन्या साडीची, कडेला माझ्या हातचा टाका. पहिलीच्या बारशासाठी मी शिवलेली. ती कुठे गेली हे मी तेव्हा घरभर शोधलं होतं. ती हिनं जाताना बरोबर नेली होती.

तिनं ती कुंची वरवंट्याला घातली. पाळण्याखालून तिनं दिला, वरून मी घेतला. तिनं तो निजवला, दोरी हलवली. मग वाकली, कुंचीची कड बाजूला केली आणि दगडाला तोंड लावून एक नाव सांगितलं. हळू सांगितलं, पण मी शेजारीच होते. पहिलीचं नाव होतं.

ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. मुलीनं वरवंटा पाळण्यातून उचलला, छातीशी धरला आणि मग माझ्या ओंजळीत दिला. "धर, आई. थोरली आहे." मग तिनं मुलाला पाळण्यात घातलं, आत्याबाईंनी त्याचं नाव सांगितलं, सगळं रीतसर झालं. मी ते सगळं थोरलीला मांडीवर घेऊन पाहिलं.

दुपारी बाळ निजल्यावर मी गॅलरीत जाऊन यांना फोन केला. जेवलात का, लाडू खाल्ले का, ते विचारलं. ते म्हणाले, खातोय रोज एक, बाळंतिणीचे म्हणून. मग मी त्यांना कुंचीचं सांगितलं, पाळण्याचं सांगितलं, आणि शेवटी ते नाव सांगितलं.

पलीकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन तुटला. मी म्हटलं, "अहो?"

"आहे," ते म्हणाले. मग त्यांनी ते नाव एकदा स्वतः म्हणून पाहिलं, हळू. "त्या दिवशी नेताना हाक मारायला काही नव्हतं गं," ते म्हणाले. "चांगलं आहे नाव."